घाण वेगळी, जंतू वेगळे

लहान मुलांची प्रतिकारशक्ती आणि जंतू यांबद्दल आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून उत्तर दिलं आहे.

प्रश्न : बाळ नऊ महिन्यांचं आहे, घरभर रांगतं आणि दिसेल ते तोंडात घालतं. मी दिवसातून तीनदा जंतुनाशक घालून फरशी पुसते. सासूबाई म्हणतात, "खाऊ दे जरा माती, त्यानेच ताकद येते." बरोबर कोणाचं?

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त "खाऊ दे" ऐवजी "खेळू दे" म्हणू या.

या विचाराची सुरुवात १९८९ साली झाली. डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने मार्च १९५८ मधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना थोरली भावंडं जास्त, त्यांना परागकणांच्या अ‍ॅलर्जीने होणारी सर्दी कमी, असं त्यांना आढळलं. थोरल्यांकडून धाकट्यांना लहानपणीच लागण होत असेल आणि तीच पुढे उपयोगी पडत असेल, असा त्यांनी तर्क केला. यातूनच "फार स्वच्छता वाईट" हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं आणि गैरसमजही तिथूनच सुरू झाला. आजारांनी अ‍ॅलर्जी टळते असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. उलट तान्हेपणी छातीचा जोरदार विषाणुसंसर्ग झालेल्या मुलांची छाती पुढे जास्त वाजते. २००३ मध्ये ग्रॅहम रूक यांनी हा विचार नव्याने मांडला. आपल्याला गरज आहे ती जुन्या सोबत्यांची, असं त्यांचं म्हणणं. माती, झाडं, जनावरं आणि आईचं शरीर यांतले हे निरुपद्रवी जीव हजारो पिढ्या माणसाबरोबर राहत आले आहेत. जुलाबाचे किंवा गोवराचे जंतू त्यांत मोडत नाहीत.

हे सोबती करतात काय? प्रतिकारयंत्रणेत हल्ला करणाऱ्या पेशी असतात, तशा हल्ला आवरणाऱ्याही असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. आतड्यातले काही जिवाणू अन्नातला चोथा आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि त्याच्या प्रभावाने आतड्यात या आवरणाऱ्या पेशी वाढतात. ब्रेक नीट घडले नाहीत तर परागकण, धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे किडे), अंडं असल्या साध्या गोष्टींवरही यंत्रणा तुटून पडते. दमा, इसब आणि अन्नाचं वावडं यांच्या मुळाशी बऱ्याच वेळा हेच असतं.

आता फरशीचं. रोजच्या पुसण्याला साधं पाणी किंवा पाण्यात थोडा साबण पुरतो. उलटी, शी, कच्चं मांस किंवा अंडं सांडलं असेल तिथेच जंतुनाशक वापरा, बाटलीवर लिहिलेला वेळ ते तिथे राहू द्या आणि मग साध्या पाण्याने पुसून घ्या. शेवटचं पुसणंच बहुतेक घरांत राहून जातं. मग रांगणाऱ्या बाळाच्या तळव्यांना ते रसायन लागतं आणि तळवा तोंडात जातो. तीन-चार महिन्यांच्या वयात ज्यांच्या घरी साफसफाईची रसायनं जास्त वापरली गेली, त्या मुलांत तिसऱ्या वर्षी दमा आणि छाती वाजणं जास्त आढळलं, असं कॅनडातल्या मोठ्या पाहणीत २०२० मध्ये दिसलं. फवारायच्या बाटल्यांवर संशय अधिक आहे, कारण फवारा थेट श्वासात जातो.

मातीत खेळणं चांगलं, मुठीने माती खाणं नाही. मातीत जंतांची अंडी असू शकतात. जुन्या रंगाचे पोपडे उडालेल्या भिंतींलगतच्या आणि वाहत्या रस्त्याकडेच्या मातीत शिसं असू शकतं, तेव्हा खेळायची जागा त्यापासून लांब असू द्या. कुत्र्या-मांजरांची विष्ठा रोजच्या रोज उचला. त्यातल्या जंतांची अंडी ताजी असताना लागण करत नाहीत, त्यांना पिकायला दोन ते चार आठवडे लागतात. वाळूचा खड्डा असेल तर रात्री झाकून ठेवा. शौचानंतर, खाण्याआधी, जनावराला हात लावल्यावर आणि कच्च्या मांसानंतर साबणाने वीस सेकंद हात धुणं चुकवायचं नाही. साबण साधाच हवा. ट्रायक्लोसानसारखी जंतुनाशकं घातलेले साबण साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये अशा १९ रसायनांना घरगुती साबणातून हद्दपार केलं.

प्रश्न : माझं सिझेरियन झालं. अशा बाळांना "चांगले जंतू" मिळत नाहीत असं वाचल्यापासून मन खात आहे. जन्ममार्गातला स्राव बाळाच्या अंगाला लावतात म्हणे. करावं का?

उत्तर : ते मुळीच करू नका. त्या स्रावात गट-बी स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू किंवा नागिणीच्या कुळातला हर्पिसचा विषाणू असू शकतो आणि आईला त्याची कसलीही लक्षणं नसतात. नवजाताला मात्र ते जिवावर बेतू शकतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच संशोधनाबाहेर हा प्रकार करू नये असं सांगितलं आहे.

सिझेरियनने फरक पडतो हे खरं. ब्रिटनमधल्या सुमारे सहाशे बाळांच्या शीची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सिझेरियनच्या बाळांत बॅक्टेरॉइड्स गटाचे जिवाणू फार कमी होते आणि रुग्णालयात आढळणाऱ्या जिवाणूंचं प्रमाण जास्त होतं. पण सहा ते नऊ महिन्यांपर्यंत हा फरक बराचसा बुजला होता. शिवाय, बाळाच्या आतड्यात वस्ती करणारे जिवाणू जन्ममार्गापेक्षा आईच्या आतड्यातून जास्त येतात असंही त्यात दिसलं. म्हणजे स्राव फासून मुळात फारसं काही साधणारही नाही. सिझेरियन गरजेचं होतं म्हणून झालं. त्यासाठी स्वतःला बोल लावू नका.

तुमच्या हातात आहे ते बरंच मोठं आहे. जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर बाळ उघड्या छातीशी घ्यायचं, पहिल्या तासात अंगावर पाजायचं, पहिली अंघोळ २४ तासांनी घालायची आणि सहा महिने आईचंच दूध द्यायचं. पहिलं चीकदूध चमचाभरच असतं, पण त्यात आतड्याच्या अस्तरावर पहारा करणारी प्रतिद्रव्यं खच्चून भरलेली असतात. पुढच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल सर्वाधिक असतात त्या विशिष्ट साखळी-शर्करा. गंमत अशी की बाळाला त्या पचवता येतच नाहीत. तशा विकराची (एन्झाइमची) सोयच त्याच्या शरीरात नाही. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियासाठी. हे जिवाणू त्या खाऊन आम्ल तयार करतात आणि आम्लात उपद्रवी जिवाणूंना पाय रोवता येत नाहीत. निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळाची पातळ पिवळी शी किंचित आंबूस वासाची असते, त्यात या आम्लाचा मोठा वाटा. त्या वासाला घाबरून कित्येक जण औषध मागायला जातात.

दूध पुरलं नाही, वरचं द्यावं लागलं, तरी उरलेलं सगळं करता येतं. थोडं आईचं दूध मिळालं तरी त्याचा उपयोग होतोच.

प्रश्न : मुलगा एक वर्षाचा होईपर्यंत सर्दी-खोकल्यासाठी पाच वेळा अँटिबायोटिक झालं. नुकसान झालं असेल का? आता काय करू?

उत्तर : सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही, आतड्यातल्या जिवाणूंना मात्र झोडपतं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जिवाणू आले, ही समजूत चुकीची आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरव्या विकराचा असतो. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. पाचव्या दिवशी धीर सुटतो आणि औषध बदललं जातं, घोटाळा होतो तो इथे.

वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. कॅनडातल्या एका प्रयोगशाळेने २०१२ मध्ये उंदरांवर पाहिलं, की अगदी लहानपणी व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांना पुढे जास्त तीव्र दमा झाला. मोठ्या उंदरांना तेच औषध देऊन तसं झालं नाही. माणसांतही याला जुळणारी गोष्ट दिसते. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात तान्ह्यांना अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांतल्या नव्या दम्याचं प्रमाण सुमारे चतुर्थांशाने उतरलं. एवढ्यावरून कारण पक्कं होत नाही. ज्याची छाती मुळातच वाजते त्याला अँटिबायोटिक जास्त दिलं जातं, हाही भाग असतो. तरी विनाकारण देऊ नये, एवढं सांगायला हा पुरावा पुरेसा आहे.

पुढच्या वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हा जिवाणूसंसर्ग आहे असं कशावरून वाटतं? दोन दिवस थांबून पाहिलं तर धोका काय? आणि कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं? दोन वर्षांपुढच्या मुलाचा कान सौम्य दुखत असेल आणि ताप बेताचा असेल, तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास नजर ठेवणं ही मान्य पद्धत आहे.

थांबायचं कधी नाही, हेही तितकंच ठाम सांगतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, बाळ दूध सोडून मलूल पडलं असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा आणि तिथे अँटिबायोटिक दिलं तर बिनघोर घ्या. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातला संसर्ग यांत तेच जीव वाचवतं. उरलेली बाटली पुढच्या आजारासाठी ठेवू नका. पाणी घालून तयार केलेलं पातळ औषध एक-दोन आठवड्यांतच निकामी होतं.

झालेल्या पाच वेळांबद्दल आता काही वेगळं करायची गरज नाही. वस्ती पुन्हा भरते. ती भरायला घरचं नेहमीचं जेवण, डाळी, भाज्या, फळं, धान्यं यांतला निरनिराळा चोथा लागतो आणि बाहेरचं खेळणं लागतं.

प्रश्न : सात महिन्यांच्या मुलीला इसब आहे. शेंगदाणे आणि अंडं तीन वर्षांपर्यंत देऊ नका, असं जुन्या पुस्तकात आहे. नवे डॉक्टर लवकर द्या म्हणतात. आधी गालाला लावून पाहू का?

उत्तर : गालाला लावू नका. याच एका गोष्टीसाठी हे उत्तर लांबलं तरी चालेल.

प्रतिकारयंत्रणेला एखादा पदार्थ पहिल्यांदा कुठे भेटतो यावर बरंच ठरतं. तोंडावाटे आतड्यात भेटला तर यंत्रणा त्याला अन्न म्हणून ओळखायला शिकते. भेगाळलेल्या, सुजलेल्या कातडीतून आत शिरला तर शत्रू म्हणून नोंद होते. इसबात कातडीची भिंत झिरपती असते. कित्येकांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात जन्मतःच दोष असतो. शेंगदाणा तेल घातलेली मलमं इसबावर चोळलेल्या मुलांत शेंगदाण्याचं वावडं जास्त असल्याचं ब्रिटनमध्ये २००३ साली दिसलं होतं. म्हणजे तोंडापासून लांब ठेवलेला पदार्थ कातडीतून आत जातच होता.

मग २०१५ मध्ये लंडनच्या गिडिअन लॅक यांच्या गटाने सरळ तपासून पाहिलं. तीव्र इसब किंवा अंड्याचं वावडं असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा आठवड्यातून निदान तीनदा दिला, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत दिलाच नाही. पाचव्या वर्षी न दिलेल्यांपैकी १७.२ टक्क्यांना वावडं होतं, दिलेल्यांपैकी ३.२ टक्क्यांना. एवढा ठसठशीत फरक क्वचितच पाहायला मिळतो. तुमच्या हातातलं जुनं पुस्तक त्याआधीचं असणार.

तुमच्या मुलीचं इसब तीव्र असेल, म्हणजे स्टेरॉइड मलम वारंवार लागत असेल, किंवा अंड्याने आधी त्रास झाला असेल, तर पहिला घास डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि चाचणीनंतर द्या. हे थांबणं आठवड्या-दोन आठवड्यांचं असावं. तपासणीच्या नावाखाली सहा महिने निघून गेले तर हातातली संधी जाते. इसब सौम्य असेल, मुलगी आधाराने बसत असेल आणि इतर मऊ अन्न नीट गिळत असेल, तर घरी असं करा.

दोन छोटे चमचे गुळगुळीत, बिनसाखरेचं पीनट बटर वाटीत घ्या. दोन-तीन छोटे चमचे गरम पाणी घालून ढवळत राहा. आधी ते फुटल्यासारखं, दाणेदार दिसेल, घाबरू नका, ढवळल्यावर एकजीव होतं. चमचा तिरका केल्यावर धार सुटायला हवी. गोळा राहिला तर टाळ्याला चिकटून बाळ गुदमरू शकतं. मिश्रण कोमट होऊ द्या. दिवस असा निवडा की मुलीला सर्दी-ताप नाही आणि पुढचे दोन तास कोणीतरी मोठं माणूस फक्त तिच्याकडे बघेल. संध्याकाळी, झोपायच्या आधी देऊ नका. चमच्याच्या टोकावर मावेल एवढं द्या आणि दहा मिनिटं थांबा. काही झालं नाही तर बाकीचं सावकाश भरवा.

ओठांभोवती जिथे अन्न लागलं तिथेच लाली आली आणि पुसल्यावर गेली, तर ती बहुधा कातडीची चुरचुर असते. अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, लागोपाठ उलट्या, खोकला, घरघर, अचानक मरगळ यांतलं काही दिसलं तर भरवणं थांबवा. श्वासाचा त्रास किंवा मरगळ असेल तर तिला आडवं ठेवा (धाप लागली असेल तर टेकून बसवा), रुग्णवाहिका बोलवा. अशा वेळी अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच खरा इलाज असतो. अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नका.

सोसलं, की आठवड्यातून तीनदा हेच प्रमाण चालू ठेवा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. एकदा दिलं, "पचलं" म्हणून समाधान मानलं आणि चार महिने विसरलं, असं चालत नाही. आतड्याची ओळख टिकायला भेट होत राहावी लागते. अंडं पूर्ण शिजवूनच, याच रीतीने, वेगळ्या दिवशी सुरू करा. आख्खा शेंगदाणा चार-पाच वर्षांपर्यंत नाही, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. आणि एक वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो.

कातडीकडेही लक्ष द्या. घरात कोणी दाणे किंवा अंडं खाल्लं असेल तर हात साबणाने धुऊनच तिला कातडी मऊ ठेवणारं मलम लावा. डब्यात बोटं न घालता स्वच्छ चमच्याने मलम काढा. इसब असलेल्या कातडीला मलम लागतंच. निरोगी कातडीच्या बाळाला रोज मलम चोळून इसब टळत नाही, हे २०२० मधल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत स्पष्ट झालं.

प्रश्न : बाळ येणार आहे. घरात कुत्रा आहे. देऊन टाकावा का?

उत्तर : नको. स्वीडनमध्ये २०१५ साली लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयातला दमा सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळला. जंताचं औषध आणि लसी पशुवैद्याच्या वेळापत्रकाने द्या. बाळाचं तोंड चाटू देऊ नका आणि कितीही गरीब कुत्रा असला तरी बाळाला त्याच्याजवळ एकटं सोडू नका. घरात आधीच कोणाला कुत्र्याची अ‍ॅलर्जी असेल तर नवीन आणू नका.

प्रश्न : प्रोबायोटिक थेंब रोज द्यावेत का?

उत्तर : निरोगी बाळाला गरज नाही. या थेंबांत जिवंत जिवाणूंच्या एक-दोन जाती असतात, त्या आतड्यात बहुधा टिकत नाहीत. एका जातीचा गुण दुसरीला लागू होत नाही, त्यामुळे "प्रोबायोटिक" एवढ्या शब्दावर काही ठरवता येत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला तर मनाने कधीच देऊ नका. अशा एका बाळाच्या मृत्यूनंतर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला होता.

प्रश्न : नैसर्गिक आजारांनी शक्ती येत असेल तर लसी लांबवाव्यात का?

उत्तर : लांबवू नका. गोवराचंच पाहा. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवराआधी आणि नंतर तपासणी झाली. गोवराने इतर रोगांविरुद्धची त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिद्रव्यं पुसून टाकली होती. आजाराने शक्ती आली तर नाहीच, कमावलेलीही गेली. लसींमुळे अ‍ॅलर्जी वाढते असंही आढळलेलं नाही.

प्रश्न : आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्यासाठी आता उशीर झाला का?

उत्तर : पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात मोलाची, हे खरं. पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत आणि आतड्यांत दाह करणाऱ्या एका जातीच्या पेशी साचतात. जन्मतःच जिवाणू दिले तर त्या साचत नाहीत, मोठेपणी दिले तर उपयोग होत नाही, असं २०१२ मध्ये दिसलं. पण मूल हे निर्जंतुक पिंजऱ्यातलं उंदीर नाही, आणि माणसात दार असं धाडकन बंद होत नाही.

भोवतालचा प्रभाव केवढा असतो ते अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांवरून कळतं. दोघांचं मूळ आणि खाणंपिणं मिळतंजुळतं. आमिश घोडे जुंपून घरालगत लहान गोठे सांभाळतात, मुलं त्यातच वावरतात. हटराइटांची यांत्रिक शेती वस्तीपासून लांब असते. शाळकरी वयात दम्याचं प्रमाण आमिशांत ५.२ टक्के, हटराइटांत २१.३ टक्के. संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या कवचाचे अंश जवळपास सातपट होते. ती धूळ उंदरांच्या नाकात घातली तर त्यांचा दमा आटोक्यात राहिला, हटराइट धुळीने तसं झालं नाही. हा अभ्यास २०१६ चा.

गोठा फ्लॅटमध्ये आणता येत नाही, माती आणता येते. फिनलंडमध्ये तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातल्या जमिनीचे तुकडे झुडपांसकट बसवले, हिरवळ अंथरली, लागवडीच्या पेट्या ठेवल्या. मुलं तिथे रोज सरासरी दीड तास खोदत, लावत, खेळत होती. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या कातडीवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात दाह आवरणाऱ्या संदेशद्रव्यांचं पारडं जड झालं. पुढे अ‍ॅलर्जी टळते का, हे सांगायला असा काळ पुरत नाही, पण ही मुलं तुमच्या मुलीच्याच वयाची होती.

तेव्हा रोज तास-दीड तास बाहेर, झाडं आणि उघडी जमीन असलेल्या जागी न्या, आणि गॅलरीत एक मोठी, हातभर लांबीची पेटी ठेवा. निर्जंतुक केलेल्या मिश्रणाऐवजी बागेतली माती, पालापाचोळा आणि कुजलेलं खत घाला. लावणं, खणणं, पाणी घालणं तिलाच उघड्या हातांनी करू द्या. हाताला जखम असेल तर पट्टी लावा, धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असू द्या, आणि खाण्याआधी साबणाने हात धुवा. खताची पिशवी मात्र मोठ्यांनीच फोडायची, उघड्या हवेत, तोंडापासून लांब धरून. फोडल्याबरोबर आत पाणी शिंपडा, कारण कोरड्या खताच्या धुळीतून लीजनेला नावाचा न्यूमोनियाचा जिवाणू श्वासात जाऊ शकतो.